कृष्णाकाठी मजुरी कोण पाडतो?



सातारा आणि सांगली म्हटले की लोकांना अजिंक्यतारा आठवतो, कराडचा प्रीतिसंगम आठवतो, सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा आठवतो. प्रवासाला आलेली मंडळी कृष्णेचे घाट पाहतात, फोटो काढतात आणि परत जातात. आपण मात्र पोटासाठी प्रवास करणाऱ्यांची मुले-नातवंडे आहोत. आपल्या वाडवडिलांनी याच जिल्ह्यांतून गाठोडे बांधून मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे गाठली. त्यामुळे या रस्त्याने जाताना आपली नजर घाटांवर फार वेळ थांबत नाही. ती रस्त्याकडेच्या कोप्यांवर जाते, उसाच्या फडाकडे जाते, मार्केट यार्डातल्या पोत्यांखाली वाकलेल्या पाठींवर जाते.

दिवाळीच्या आसपास हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. त्यांत बायका, लेकरे, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, चुलीची भांडी आणि कोयते. सातारा, कराड, कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुले ठेकेदाराच्या हाताखाली राबताना दिसतात. आणि चहाच्या टपरीवर, कधी आपल्याच वस्तीतल्या कट्ट्यावर, एक वाक्य हमखास ऐकू येते: "बाहेरचे आले आणि आमची मजुरी गेली."

हे वाक्य रिकाम्या हाताने घरी बसलेल्या माणसाच्या तोंडून आलेले असते. त्यामुळे त्याला हसून किंवा रागावून चालणार नाही. त्यात खरे किती आणि चुकीचे किती, हे साताऱ्यातून निघून सांगलीपर्यंत जाता जाता पाहू.

मसूर स्टेशनवरची बैलगाडी

साताऱ्यात प्रत्येक बौद्ध माणूस आधी दोन ठिकाणी जातो. एक, माता भीमाबाईंची समाधी. दुसरे, ती शाळा जिच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भीमरावाचे नाव लागले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. रजिस्टरमध्ये नाव लागणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. पुढच्या प्रवासात ही गोष्ट मनात राहू द्या.

साताऱ्याहून रेल्वेने कराडच्या बाजूला निघालो की मसूर लागते. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे ही मुले याच स्टेशनवर उतरली होती. वडील सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीत होते. मुले त्यांना भेटायला निघाली होती. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी भाडे दुप्पट द्यायचे ठरले, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा म्हणून नेहमी सांगतो आणि तो तसा आहेच. पण त्यात बाजाराचाही एक धडा आहे. ज्याला दुसरी गाडी मिळण्याची शक्यता नाही, त्याला दुप्पट भाडे द्यावे लागते. याच न्यायाने ज्याला दुसरे काम मिळण्याची शक्यता नाही, त्याला निम्म्या मजुरीवर राबावे लागते. गाडीचे भाडे असो की हाताची मजुरी, दर ठरताना एकच गोष्ट पाहिली जाते: समोरच्याला नाही म्हणता येते की नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सुभेदार रामजी गोरेगावात कशावर रोखपाल होते? दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. म्हणजे खटाव-माणच्या दुष्काळी मुलखात काम, मजुरी आणि हजेरीचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही हाच होता.

रेठऱ्यापासून वाळव्यापर्यंत: फडातला हिशेब

कराड सोडून कृष्णेच्या काठाने खाली उतरलो की नजर पोहोचेल तिथे ऊस. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, पुढे वाळवा तालुक्यात साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना. हंगामात या साऱ्यांची धुराडी पेटलेली असतात आणि प्रत्येक धुराड्याला रात्रंदिवस ऊस लागतो.

तो ऊस कोण तोडतो? मुख्यतः मराठवाड्यातून आलेला कोयता. इथे कोयता हे नुसते हत्याराचे नाव नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. दोन माणसे, चार हात, आणि हिशेबात एक. बाईचे नाव वेगळे लिहिण्याची पद्धतच नाही.

पैशाची वाट अशी असते. कारखाना वाहतूकदाराला आगाऊ रक्कम देतो. वाहतूकदार मुकादमाला देतो. मुकादम पावसाळ्यात गावी जाऊन कोयत्याला उचल देतो. उचल म्हणजे अंगावर घेतलेली मजुरी. कारखान्याला विचारले तर तो म्हणतो, तोडणारा माझा कामगार नव्हे. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादमाकडे वही असते, आणि त्या वहीतला आकडा तोडणाऱ्याला वाचता आला तर आला. अशा रीतीने लाखो माणसे ऊस तोडतात, आणि कोणाच्याच मस्टरवर त्यांचे नाव नसते.

आता मजुरीचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात करार झाला, त्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि मुकादमाचे कमिशन एक टक्क्याने. तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडीत भरला. जोडीची कमाई झाली ७३२ रुपये, म्हणजे एका माणसाचे ३६६. त्यासाठी पहाटे चारला उठायचे, आणि रात्री गाडी आली तर पुन्हा उठून भरायची. आता समजा, त्या जोडीने एक लाख रुपये उचल घेतली आहे. ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला दोन टन धरले तर सुमारे १३७ दिवस. हंगाम साधारण चार ते पाच महिन्यांचा. त्यात दुखणे आले, पाऊस आला, मशीन बंद पडले की दिवस वाया जातात. काम चुकले तर खाडा म्हणून वरून दंड. हंगाम संपला आणि आकडा उरला, तर तो पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवला जातो. असा माणूस ऑक्टोबरात "यंदा दर परवडत नाही" असे म्हणू शकतो का? त्याचा नकार पावसाळ्यातच विकला गेलेला असतो.

या नकार नसण्याची किंमत बाईच्या शरीराने कशी मोजली, ते २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तपासलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये आणि दंड भरावा लागू नये, हे त्यामागचे एक कारण म्हणून तेव्हा पुढे आले.

गावातला माणूस घरी का बसला?

आता आपल्या वस्तीतल्या माणसाकडे येऊ. त्याच्याकडे जमीन नाही. गावाच्या चारी बाजूंना ऊस आहे, पण तोडणीच्या हंगामात त्याला बोलावणे येत नाही. त्याला राग येतो, तो कोप्यांकडे बोट दाखवतो.

परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच कामाला जास्त हात आले आणि त्यांतले बरेच हात उचलीने बांधलेले असले, तर त्या कामाचा दर वर चढत नाही. गावचा मजूर "एवढ्यावर येणार नाही" म्हणाला, तर मालक म्हणतो, "नको येऊस, टोळी आलेली आहे."

पण मालकाला टोळीच का हवी असते? गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो. त्याच्या घरी लग्न असते, मयत असते, जयंती असते. रात्री बारा वाजता गाडी भरायला बोलावले तर तो येत नाही. चार माणसे जमवून तो दर मागू शकतो. कोपीतला माणूस यांतले काही करू शकत नाही. तो परका आहे आणि कर्जात आहे. जान ब्रेमन या अभ्यासकाने गुजरातमधल्या बारडोली भागात हेच पाहिले. तिथले साखर कारखाने आपल्या खानदेशातून तोडणी टोळ्या नेत, आणि गावातले भूमिहीन हळपती कामाविना राहत. तिथे बाहेरचा म्हणजे मराठी माणूस होता. तिथल्या हळपतीने आपल्याकडे बोट दाखवले असेल, तर त्याला आपण काय उत्तर दिले असते?

ज्याला सगळे परका म्हणतात, तो आहे तरी कोण? मराठवाड्याच्या टोळ्यांत वंजारी, बंजारा आहेत, मातंग आहेत, आणि आपले बौद्ध बांधवही आहेत. कोपीच्या आत डोकावले तर बाबासाहेबांची तसबीर दिसणे नवलाचे नाही. शिवाय आपल्या सांगली जिल्ह्यातलाच जत तालुका वर्षानुवर्षे ऊसतोडीला माणसे पाठवत आला आहे.

कागद नसल्याचा फटका फक्त मजुराला बसतो असेही नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे लाखो रुपये घेऊन टोळी न आणणाऱ्या मुकादमांच्या तक्रारी दरवर्षी पोलिसांत जातात. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार त्यात बुडतो. फड तोडून हवा असेल तर शेतकऱ्याकडे 'खुशाली' किंवा 'एन्ट्री' मागितली जाते, म्हणून शेतकरी संतापतो. दर अपुरा आणि व्यवहार तोंडी असला की तूट कोणीतरी कोणाकडून तरी वसूल करतोच. भांडण मात्र खालच्या दोघांत लागते.

आपल्या समाजाने हा खेळ मुंबईच्या गिरण्यांत अनुभवला आहे. विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून महार कामगाराला त्या खात्यात शिरू दिले जात नव्हते. आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत कोंडली गेली. एकाला दाराबाहेर ठेवले की दारातल्याला वाटते आपले राखले गेले. प्रत्यक्षात बाहेर ताटकळलेला तो स्वस्त हात मालकाला दोघांवरही वापरता येतो. गावात बलुत्याचेही तेच होते. काम ठरलेले, मोबदल्याचा दर लिहिलेला नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच कारणाने.

सांगलीचे मार्केट यार्ड: नावाची ताकद

वाळव्याहून सांगलीत आलो. इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची चढ-उतार चाललेली असते. पाठीवर पोते घेतलेला हमाल आणि फडात मोळी उचलणारा मजूर, दोघांचीही पाठ एकसारखीच वाकते. पण दोघांत एक मोठा फरक आहे, आणि तो फरक घडवण्यात सातारा जिल्ह्याचा हात आहे.

पाटण तालुक्यातला एक तरुण पोटासाठी मुंबईला गेला. त्याचे नाव अण्णासाहेब पाटील. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणारी बहुतेक माणसे सातारा, सांगली, पुणे भागातलीच होती. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. मालक कोण ते कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून हक्कही कोणाकडे मागता येत नव्हता. अण्णासाहेबांनी या माणसांची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्याची रीत साधी आहे. मंडळ स्थापन होते. मंडळात हमालाचे नाव नोंदले जाते आणि व्यापाऱ्याचेही. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, तिच्यावर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून फंड, रजा, बोनस, औषधपाणी यांची सोय होते. हमाल कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या जातीचा, हा प्रश्न दर ठरवताना येत नाही. ज्याचे नाव मंडळात आहे, त्याला ठरलेला दर. बाहेरून आलेल्याचे नाव नोंदले गेले की तो स्वस्त उरत नाही, आणि तो स्वस्त उरला नाही की इथल्याला त्याची भीती उरत नाही.

या कायद्यात पळवाटा काढणारे आहेत, खोटी नावे घुसवणारेही आहेत. पण ऊसतोड मजुरांच्या संघटना माथाडीसारखे संरक्षण मागत आल्या आहेत, ते उगाच नाही. सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले. त्यासाठी गाळपाच्या उसावर टनामागे दहा रुपये गोळा करायचे ठरले, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले, मुलांसाठी ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. पाऊल चांगले आहे. पण ओळखपत्र गावी मिळते आणि काम सांगलीत होते. तोडलेल्या टनांची नोंद तोडणाऱ्याच्या आणि तोडणारणीच्या नावावर कारखान्यात होत नाही, तोवर ते ओळखपत्र खिशातच राहते.

कायद्याची एक गंमत पाहा. १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचा मजूर निपाणीकडे गेला तर कायद्याने स्थलांतरित; तोच मजूर सांगलीत आला तर कायद्याच्या लेखी तो घरीच आहे! नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत मिसळला गेला, पण तिथेही व्याख्या परराज्यातून आलेल्याचीच आहे.

बाबासाहेबांच्या संविधानाने मात्र माणसाला कुठे कोंडले नाही. कलम १९ ने भारतीय नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि कामधंदा करण्याचा हक्क दिला. म्हणून बिहारचा मुलगा कुपवाडमध्ये बेकायदेशीर नाही आणि बीडची बाई वाळव्यात बेकायदेशीर नाही. बेकायदेशीर असते ती त्यांना दिली जाणारी कमी मजुरी. कलम २३ ने वेठबिगार बंद केली. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर ठेकेदारांनी आणलेल्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक हीदेखील सक्ती आहे.

विसापूर आणि विटा: दुसरे काम असले की

सांगलीहून तासगावच्या रस्त्याने द्राक्षबागांतून जाताना विसापूर लागते. बाहेरच्या प्रवाशाला इथे पाहण्यासारखे काही वाटणार नाही. पण मजुराच्या दृष्टीने हे महाराष्ट्रातले मोठे स्थळ आहे. विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९६५ साली या परिसरात प्रथम करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. त्या काळात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७७ साली कायदा झाला, आणि पुढे २००५ साली देशासाठी जो रोजगार हमी कायदा झाला, त्याची मुळे इथल्या मातीत होती.

रोजगार हमीचा मजुरीशी संबंध काय? गावाजवळ खडी फोडण्याचे का होईना, पण हक्काचे आणि मस्टरवरचे काम असले, तर मजूर बागायतदाराला सांगू शकतो: "एवढे देत असाल तर येतो, नाहीतर हमीच्या कामावर जातो." बाईला तिच्या नावाने हजेरी मिळाली, हे तर आपल्या आया-बहिणींनी १९७२ मध्ये स्वतः पाहिले. मसूर स्टेशनवर नसलेली ती दुसरी गाडी म्हणजे हमीचे काम. ती उभी असली की पहिल्या गाडीवानाला दुप्पट भाडे मागता येत नाही.

थोडे पुढे खानापूर तालुक्यात विटा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी गावी परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्या गिरणी कामगारांना समोर दुष्काळ दिसला. त्यांनी दुष्काळी कामे मागितली, आणि त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. पुढे येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरण्याचा विचार तिथे मांडला गेला. गिरणीत मस्टरवर नाव असलेला माणूस गावी आला, तेव्हा त्याने हजेरीची भाषा गावी आणली.

याच विटा-आटपाडीची दुसरी ओळख म्हणजे गलाई कामगार. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात इथली माणसे केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. दुष्काळाने त्यांना घराबाहेर काढले. त्या त्या प्रांतात ते परप्रांतीय आहेत. आपल्या माणसाला तिथे मान मिळावा असे वाटत असेल, तर विट्याच्या यंत्रमागावरच्या बाहेरच्या मुलाला आपण कोणत्या तोंडाने हुसकून लावायचे?

परदेशातला दाखला

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेने १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर हंगामी करारावर आणले. १९६४ च्या अखेरीस ती योजना बंद केली. बाहेरचे गेले की इथल्यांची मजुरी वाढेल, हा हिशेब होता. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा ज्या राज्यांत असे मजूर जास्त होते, तिथेही स्थानिक शेतमजुराची मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगळी वाढलेली दिसली नाही. मळेवाल्यांनी यंत्रे आणली, पिके बदलली. टोमॅटो तोडायलाही यंत्र आले. आपल्याकडेही उसाच्या फडात तोडणी यंत्रे उतरू लागली आहेत, सरकार त्यांना अनुदान देते. उद्या कोप्या उठल्या तर त्या जागी आपल्या वस्तीतला माणूसच उभा राहील, अशी खात्री कोणी देऊ नये.

त्याच अमेरिकेत १९८६ साली दुसरा कायदा झाला. कागद नसलेल्या सुमारे २७ लाख माणसांना राहण्याचा परवाना मिळाला. कागद हातात आल्यावर त्यांतल्या अनेकांची मजुरी वाढली, कारण आता मालक त्यांना पोलिसांचा धाक दाखवू शकत नव्हता. तिथे तो धाक होता, आपल्याकडे उचल आहे. नाव वेगळे, काम एकच.

आपण काय करायचे?

वाचकहो, या प्रवासात जागोजागी एकच गोष्ट दिसली. मजुरी पाडतो तो गावाबाहेरून आलेला माणूस नव्हे. जिथे माणसाचे नाव लिहिले जात नाही आणि त्याला नाही म्हणता येत नाही, तिथे मजुरी पडते. आणि एकाची पडली की शेजारच्याचीही पडते. म्हणून आपला झगडा कोपीशी असण्याचे कारण नाही. तो कोऱ्या मस्टरशी आहे.

आपल्या हातात काही गोष्टी आहेत. आपल्या गावाजवळ टोळी उतरली, तर त्यांच्याशी बोला. यंदाच्या कराराचा दर किती, हे त्यांना सांगा. कित्येकांना तो माहीत नसतो. त्यांच्या लेकरांना गावच्या शाळेत बसवून घ्यायला गुरुजींना सांगा. ग्रामसभेत विचारा की गावात कामाला आलेल्यांची नोंद आहे काय. आपल्याकडून कोणी तोडणीला, बांधकामाला किंवा ठेकेदाराबरोबर जात असेल, तर निघण्यापूर्वी ओळखपत्र काढा आणि उचलीचा आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. मुलगी दहावीपर्यंत शिकलेली असली तर ती वही तिच्याकडे द्या. आणि बाईची हजेरी बाईच्या नावाने मागा. जोडीला एक नाव, हा हिशेब आपण तरी मान्य करू नये.

साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव रजिस्टरवर लागले, आणि पुढे देशाचे संविधान त्या मुलाच्या हातून घडले. नाव लिहिले जाण्याची ताकद आपल्याइतकी कोणी ओळखत नाही. कृष्णाकाठच्या फडात आज हजारो माणसे बिननावाची राबत आहेत. त्यांची नावे लिहिली जावीत म्हणून आपण बोललो, तर उद्या आपल्या मुलाच्या मजुरीचाही दर टिकेल.

जयभीम!